टी-शर्टावर नसलेला माणूस : ‘गिमी शेल्टर’, ऑल्टमाँट आणि विकाऊ स्मृती

१/२४
आजच्या धाग्याचा विषय एक कापड आहे. काळा सुती टी-शर्ट, छातीवर एका जुन्या संगीत-माहितीपटाचे चित्र, खाली ‘१९६९’ हा आकडा आणि विक्रेत्याने बहाल केलेली ‘संग्राह्य’, ‘मर्यादित आवृत्ती’ अशी बिरुदे. माहितीपटाचे नाव ‘गिमी शेल्टर’. या जातीचे टी-शर्ट आज जगभर विकले जातात आणि हौसेने जपलेही जातात. अशा टी-शर्टाविरुद्ध मला येथे एक फिर्याद मांडावयाची आहे. कापड कसे आहे, छपाई कशी आहे, किंमत वाजवी आहे का, यांतील कशाशीही तिचा संबंध नाही. हे वस्त्र इतिहास सांगण्याचा आव आणते आणि चुकीचा इतिहास सांगते, एवढीच ती फिर्याद.

२/२४
प्रथम वस्तुस्थिती. ‘गिमी शेल्टर’ हा माहितीपट १९७० सालच्या डिसेंबरात प्रदर्शित झाला. दिग्दर्शक तिघे : आल्बर्ट मेझल्स, डेव्हिड मेझल्स हे बंधू आणि शार्लट झ्वेरिन. विषय होता ‘रोलिंग स्टोन्स’ या ब्रिटिश रॉक बँडचा १९६९ सालचा अमेरिका दौरा. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील मैफली, अलाबामातील मसल शोल्स येथील ध्वनिमुद्रण आणि अखेरीस उत्तर कॅलिफोर्नियातील ऑल्टमाँट स्पीडवे या मोटारशर्यतीच्या मैदानावर ६ डिसेंबर १९६९ रोजी झालेली विनामूल्य मैफल, असा त्याचा प्रवास आहे. त्या दिवशी तेथे सुमारे तीन लाख माणसे जमली होती, असा अंदाज सर्वत्र दिला जातो.

३/२४
ही मैफल ऑल्टमाँटला व्हावयाचीच नव्हती. पहिला बेत सॅन फ्रान्सिस्कोतील गोल्डन गेट पार्कचा होता, तो फिसकटला. मग सिअर्स पॉइंट हे दुसरे शर्यतीचे मैदान ठरले. तेथे मालक कंपनीने आगाऊ पैशांची आणि चित्रपटाच्या वितरणहक्कांची मागणी केली आणि तोही बेत मोडला. प्रत्यक्ष मैफल अगदी तोंडावर आली असताना ऑल्टमाँटची जागा मिळाली. स्वच्छतागृहे, पाणी, औषधोपचार, वाहने उभी करण्याची सोय, सारेच घाईघाईने उभारावे लागले. चित्रपटाच्या हक्कांवरील घासाघीस या शोकांतिकेच्या कारणमालिकेत बसलेली आहे, हे ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम पडेल.

४/२४
व्यासपीठ सिअर्स पॉइंटसाठी योजलेले होते. तेथे ते चढावर उभे राहणार असल्याने त्याची उंची जेमतेम एक मीटर ठेवली होती. ऑल्टमाँटला तेच व्यासपीठ उताराच्या तळाशी आले. मागून रेटणारी गर्दी थेट गायकांच्या पायांपर्यंत पोहोचू लागली. ते थोपविण्यासाठी व्यासपीठाभोवती ‘हेल्स एंजल्स’ या मोटारसायकलस्वारांच्या टोळीचे लोक होते. ५०० डॉलरच्या बिअरच्या मोबदल्यात त्यांना आणले, असे तेव्हापासून सांगितले जाते. करार नेमका काय होता, यावर मात्र संबंधितांनी पुढे परस्परविरोधी जबान्या दिल्या. त्यांच्या हाती बिलियर्डच्या काठ्या होत्या, हे पडद्यावर स्पष्ट दिसते.

५/२४
मारहाण दुपारपासूनच सुरू होती. ‘जेफर्सन एअरप्लेन’ या बँडचा गायक मार्टी बॅलिन मध्ये पडला तेव्हा त्यालाही बेशुद्ध पडेपर्यंत ठोसे बसले. ‘ग्रेटफुल डेड’ या बँडने परिस्थिती पाहून न वाजविताच परतणे पसंत केले. म्हणजे अंधार पडल्यावर ‘रोलिंग स्टोन्स’ व्यासपीठावर आले तेव्हा धोका कोणालाही अज्ञात नव्हता. पुढे जे घडले त्याला ‘आकस्मिक’ हे विशेषण लावता येत नाही. आदल्या काही दिवसांतील निर्णयांनी आणि त्या दुपारच्या प्रत्येक दुर्लक्षिलेल्या ठोशाने त्याची वाट तयार केली होती.

६/२४
त्या गर्दीत मेरेडिथ हंटर होता. वय १८. बर्कलीचा राहणारा कृष्णवर्णीय तरुण. अंगात फिकट हिरवा सूट, सोबत त्याची गोरी मैत्रीण. व्यासपीठाजवळ एंजल्सशी त्याची झटापट झाली. त्याला मारहाण झाली. काही क्षणांनी त्याच्या हाती रिव्हॉल्व्हर दिसले. ॲलन पसारो नावाच्या एंजलने त्याच्यावर सुरीचे वार केले आणि तो खाली कोसळला. कॅमेऱ्याने हे टिपले. पडद्यावर ती घटना काही सेकंदांत संपते. मैत्रिणीच्या विणलेल्या फिकट पोशाखापुढे रिव्हॉल्व्हरची काळी आकृती क्षणभर उमटते.

७/२४
पसारोवर खुनाचा खटला चालला. हीच चित्रफीत न्यायालयात पुरावा म्हणून दाखविली गेली आणि जानेवारी १९७१ मध्ये पंचांनी स्वसंरक्षणाचा बचाव मान्य करून त्याला निर्दोष सोडले. २००५ साली ॲलामेडा कौंटीच्या शेरिफ कार्यालयाने हे प्रकरण अधिकृतरीत्या बंद केले. त्या मैफलीत एकूण चौघे दगावले : हंटर, मोटारीखाली चिरडलेले दोघे आणि कालव्यात बुडालेला एक जण. न्यायालयाचा निकाल मी येथे उकरून काढीत नाही. माझा खटला स्मृतीच्या व्यवहाराबद्दल आहे.

८/२४
आता टी-शर्टाकडे पाहा. त्यावर गायकाचा चेहरा असतो, अंकल सॅमची उंच टोपी असते, मैफलीचे नाव आणि साल असते. क्वचित मोटारसायकलीही असतात. ज्या घटनेमुळे हा माहितीपट इतर शेकडो मैफलींच्या चित्रीकरणांहून वेगळा ठरला, ती घटना त्यावर नसते. ज्याच्या मृत्यूमुळे ‘१९६९’ हा आकडा विकला जातो, त्या १८ वर्षांच्या मुलाचे नावही नसते. म्हणून माझे म्हणणे असे : हा टी-शर्ट एका मृत्यूचे भाडे खातो आणि मृताला मात्र घराबाहेर ठेवतो.

९/२४
आपण मराठी इतिहासाचे विद्यार्थी. साधनचिकित्सा आपल्याला नवी नाही. अस्सल पत्र वेगळे, बखर वेगळी, हे राजवाड्यांच्या पिढीने आपल्याला शिकविले. बखर घटनेनंतर पुष्कळ काळाने, कोणाच्या तरी आश्रयाने, कोणाला तरी आवडेल अशी लिहिली जाते. तीत वीर मोठे होतात, सन चुकतात आणि अडचणीची माणसे गळतात. म्हणून बखर आपण फेकून देत नाही, पण तिच्यावर विसंबतही नाही. माझी सूचना एवढीच आहे की, हा टी-शर्टही बखरीसारखाच वाचावा. मग त्यातील तीन दोष लगेच हाती लागतात.

१०/२४
दोष पहिला : कालविपर्यास. अशा अनेक टी-शर्टांवर ‘रोलिंग स्टोन्स’चे लाल ओठ आणि बाहेर काढलेली जीभ हे सुप्रसिद्ध चिन्ह ‘ऑल्टमाँट १९६९’च्या शेजारी छापलेले असते. हे चिन्ह जॉन पाश या लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधील विद्यार्थ्याने १९७० साली काढले. ते लोकांपुढे आले १९७१ साली, ‘स्टिकी फिंगर्स’ या ध्वनिमुद्रिकेसोबत. म्हणजे ऑल्टमाँटच्या त्या रात्री हे चिन्ह अस्तित्वातच नव्हते. शिवकालीन म्हणून विकलेल्या पत्रावर पेशवाईतील शिक्का आढळावा, तसाच हा प्रकार.

११/२४
या चिन्हाच्या जन्माला आपल्याशी जोडणारा एक खरा धागा आहे. पाशने स्वतः सांगितले आहे की, मिक जॅगरने त्याला कालीमातेचे एक चित्र दाखविले होते; तिची बाहेर काढलेली जीभ ही त्या चिन्हाची प्रेरणा. भारतीय घरांतील कॅलेंडरांवर शोभणारी देवी लंडनमार्गे जगभरच्या टी-शर्टांवर गेली आणि तेथून मुंबई-पुण्याच्या पदपथांवर परत आली. मूळ चित्र २००८ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयाने विकत घेतले. चित्राला संग्रहालय मिळाले, हे योग्यच झाले. त्याच सालाची आणखी एक नोंद पुढे येणार आहे. तोवर हे साल लक्षात असू द्या.

१२/२४
दोष दुसरा : दंतकथा. हंटरवर वार झाले तेव्हा ‘सिम्पथी फॉर द डेव्हिल’ हे गाणे चालू होते, असे सुरुवातीच्या अनेक वृत्तांतांत आले आणि लोकांच्या तोंडी रुजले. सैतानाचे गाणे, काळोख, सुरी : कथा म्हणून हे फारच सोयीचे. माहितीपट पाहिला की कळते, त्या वेळी ‘अंडर माय थंब’ चालू होते. तरीही सैतानी दंतकथा मागे हटत नाही, कारण ती शिंगांच्या आणि ज्वाळांच्या चित्रात सहज मावते. दंतकथा स्वीकारली की प्रश्न विचारावे लागत नाहीत. व्यासपीठ इतके ठेंगणे का होते, पहारा कोणाच्या हाती दिला, दुपारीच कार्यक्रम का थांबविला नाही : सैतान आला की हे सारे प्रश्न निकालात निघतात.

१३/२४
दोष तिसरा, आणि सर्वांत गंभीर : ‘एका युगाचा अंत’ ही घोषणा. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉक, म्हणजे प्रेम आणि शांती. डिसेंबर १९६९ मध्ये ऑल्टमाँट, म्हणजे स्वप्नभंग. चार महिन्यांत साठचे दशक जन्मले, फुलले आणि मेले, असा हा सुबक आलेख. पाठ्यपुस्तकांनाही मोह पडावा इतका तो सुबक आहे. प्रश्न एवढाच की, हा निरागसतेचा अंत नेमका कोणाच्या निरागसतेचा?

१४/२४
तारखा पाहा. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ ची. व्हिएतनाममधील माय लाय येथील हत्याकांडाची बातमी अमेरिकेत फुटली ती नोव्हेंबर १९६९ मध्ये. युद्धावर कोणी जावयाचे हे ठरविणारी सोडत निघाली १ डिसेंबर १९६९ रोजी. आणि ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे, ऑल्टमाँटच्या अवघे दोन दिवस आधी, शिकागोत पोलिसांनी ‘ब्लॅक पँथर’ पक्षाचा नेता फ्रेड हॅम्प्टन याला त्याच्या राहत्या घरात गोळ्या घालून ठार केले. त्याचे वय २१ होते. वुडस्टॉकच्या प्रेमळ ऑगस्टातही आठवडाभर आधी लॉस एंजेलिसमध्ये मॅन्सनच्या टोळीने खून पाडले होते.

१५/२४
ज्या देशात हे सारे चालू होते, तेथील कृष्णवर्णीय तरुणाला ६ डिसेंबरला ‘निरागसता संपल्याचा’ साक्षात्कार होण्याचे काही कारण नव्हते. ती निरागसता त्याच्या वाट्याला आलीच नव्हती. ‘युगाचा अंत’ ही भाषा प्रेक्षागृहातील सुखवस्तू गोऱ्या तरुणाईच्या दुःखाची आहे. ते दुःख खोटे होते असे मी म्हणत नाही. पण त्या भाषेने एका माणसाचे मरण उचलून रूपक करून टाकले. हंटर हा मुलगा राहिला नाही. तो ‘दशकाचा शेवट’ झाला. रूपकाला आई नसते, घर नसते, थडगेही लागत नाही. टी-शर्टाला असे रूपक फार सोयीचे पडते.

१६/२४
गळालेल्यांत आणखी एक नाव आहे. माहितीपटाला ज्या गाण्याचे नाव मिळाले, त्या गाण्यातील अंगावर काटा आणणारा स्त्रीस्वर मेरी क्लेटन या कृष्णवर्णीय गायिकेचा. लॉस एंजेलिसमध्ये रात्री उशिरा, गरोदरपणी, तिला ध्वनिमुद्रणासाठी बोलावून घेण्यात आले होते. १९६९ च्या ‘लेट इट ब्लीड’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर तिच्या नावाचे स्पेलिंगही चुकले. अनेकांना ती प्रथम दिसली ती २०१३ च्या ‘ट्वेंटी फीट फ्रॉम स्टारडम’ या माहितीपटात. म्हणजे ज्या नावाचा टी-शर्ट विकला जातो त्यातील आवाजही कापडावर नाही आणि मृतही नाही. या दोन गैरहजेऱ्यांचा वर्ण एकच आहे, हा योगायोग मानणे मला कठीण जाते.

१७/२४
येथे कोणी म्हणेल, मग दोष माहितीपटाचाच. त्यात तथ्य आहे. चित्रपट प्रदर्शित होताच ‘न्यूयॉर्कर’मध्ये पॉलीन केल यांनी त्याच्यावर कडाडून टीका केली. जी घटना काही अंशी कॅमेऱ्यासाठीच घडविली गेली, तिच्या परिणामांतून चित्रकर्त्यांना अंग कसे काढून घेता येईल, हा त्यांच्या टीकेचा रोख होता. मेझल्स बंधूंनी तो अमान्य केला. तिसऱ्या क्रमांकातील वितरणहक्कांची गोष्ट आठवा : प्रश्न हवेतला नव्हता. शिवाय चित्रपटाच्या जाहिरातीनेही जगाला भारून टाकणारे संगीत आणि जगाला हादरविणारी हत्या यांची एकाच वाक्यात सांगड घातली होती. मृत्यूचा बाजार टी-शर्टवाल्यांनी सुरू केला, असे म्हणता येणार नाही.

१८/२४
तरीही माहितीपट आणि टी-शर्ट यांत मोठे अंतर आहे. झ्वेरिन यांच्या रचनेत जॅगर संकलनाच्या मेजापुढे बसून तीच चित्रफीत पाहतो. ती मागे नेली जाते, थांबविली जाते, पुन्हा चालविली जाते. प्रेक्षक एकीकडे हत्या पाहतो आणि दुसरीकडे ती पाहणाऱ्याचा चेहरा. ‘तुम्ही हे पाहिले, आता तुमचे उत्तर काय?’ असा प्रश्न त्या मांडणीतून उभा राहतो. हंटर कोण होता, हे माहितीपटही सांगत नाही. ही त्याची मोठी उणीव. पण तो प्रेक्षकाला सुखाने उठू देत नाही. टी-शर्टात हा खटका उरत नाही. पाहणारा चेहरा तेवढा शिल्लक राहतो आणि तो ज्याकडे पाहात होता ते पुसले जाते.

१९/२४
आता कायद्याची बाजू पाहा. बँडचे चिन्ह संरक्षित आहे. परवान्यावाचून छापणे गुन्हा ठरू शकते. ‘हेल्स एंजल्स’चे पंख असलेल्या कवटीचे चिन्हही नोंदलेले व्यापारचिन्ह आहे, आणि ही संघटना त्याच्या रक्षणासाठी नामांकित फॅशन कंपन्यांवर खटले भरते. म्हणजे मैफल करणाऱ्यांचे चिन्ह सुरक्षित, पहारा देणाऱ्यांचे चिन्ह सुरक्षित. मेलेल्याचे काही नोंदलेले नव्हते. त्या रात्रीच्या तीन पक्षांपैकी दोघांच्या खुणा बाजारात मौल्यवान ठरल्या, तिसऱ्याची खूणच उरली नाही. ‘संग्राह्य’ या शब्दाचा खरा अर्थ शोधावयाचा तर तो या हिशेबात शोधावा.

२०/२४
हंटरच्या आईने बँडवर दावा लावला. तो दहा हजार डॉलरवर मिटला. तिने कौंटीच्या अधिकाऱ्यांना पत्र लिहून ते मैदान तरुणांसाठी सार्वजनिक उद्यान करावे, अशी विनंतीही केली होती. ते उद्यान झाले नाही. व्हॅलेहो येथील दफनभूमीत हंटरच्या कबरीवर कित्येक दशके दगडही नव्हता. २००६ साली सॅम ग्रीन यांनी तिच्यावर एक लघुपट केला. त्याचे नाव म्हणजे केवळ दफनभूमीच्या नोंदवहीतील जागेचा क्रमांक. तो पाहून लोकांनी पैसे पाठविले आणि २००८ साली शिळा बसली. त्याच २००८ साली जिभेचे चित्र संग्रहालयात गेले होते. चिन्हाला संग्रहालय आणि माणसाला थडग्याचा दगड, दोन्ही एकाच वर्षी मिळाले. पहिल्याची किंमत लिलावात ठरली, दुसऱ्याची वर्गणीतून भागली.

२१/२४
आक्षेप पहिला : ‘टी-शर्टावर सगळा इतिहास कसा मावेल?’ मावणार नाही. पण जागा अपुरी असते तेव्हाच निवड उघडी पडते. एका वीतभर कापडावर स्थळ मावते, साल मावते, टोपी मावते. तेथे दोन शब्दांचे एक नाव मावत नाही, हे पटण्यासारखे नाही. आक्षेप दुसरा : ‘टी-शर्ट पाहूनच तर पोरे माहितीपटाकडे वळतात.’ हे खरे आहे, आणि म्हणूनच मी टी-शर्ट जाळा असे सांगत नाही. कुतूहलाचे दार म्हणून तो जरूर चालेल. पण ‘मर्यादित आवृत्ती’चा बाजार त्या दाराशीच थांबण्याचे पैसे घेतो. कापडाचा काठ एकेरी शिवणीचा की दुहेरी, लेबल मूळचे की नक्कल, छपाईला पडलेल्या भेगा खऱ्या की मुद्दाम पाडलेल्या, यांवर संग्राहक तासन्‌तास वाद घालतात. एवढी साधनचिकित्सा धाग्यादोऱ्यांची होते, तर त्यातील अर्धा तास घटनेच्या वाट्याला यावयास हरकत नसावी.

२२/२४
आक्षेप तिसरा : ‘कॅलिफोर्नियातील मृत्यूशी मराठी वाचकाचे काय देणेघेणे?’ ज्याच्या अंगावर तो टी-शर्ट आहे, त्याचे देणे आपोआपच लागते. शिवाय हा प्रश्न आपल्याला घरूनही ठाऊक आहे. राजमुद्रा छापलेले टी-शर्ट आपल्याकडे उदंड खपतात. मुद्रेवरील संस्कृत ओळींचा अर्थ किती अंगांना ठाऊक असतो, हे ज्याचे त्याने तपासावे. इतिहासाचे चिन्ह अंगावर घालणे सोपे, त्यामागील माणसे लक्षात ठेवणे कष्टाचे. आणि ही सवय एका ठिकाणी सैल सोडली की दुसरीकडेही सैल पडते. परक्यांच्या बखरीतील गळालेली माणसे जो शोधीत नाही, त्याला आपल्या बखरीतील गळालेली माणसेही सहसा सापडत नाहीत.

२३/२४
तेव्हा ऐतिहासिक चित्र असलेला कोणताही टी-शर्ट घेताना पाच प्रश्न विचारा. यावरील चिन्ह त्या घटनेच्या वेळी अस्तित्वात होते का? लिहिलेले साल नेमके कशाचे : घटनेचे, चित्रपटाचे की छपाईचे? ज्या वाक्याने तो भुरळ घालतो, ते समकालीन पुराव्यावर टिकते का? चित्राचे हक्क कोणाकडे आहेत, म्हणजे ही आठवण कोणाच्या मालकीची आहे? आणि शेवटचा : त्या घटनेत होता पण या कापडावर नाही, असा कोण? पहिल्या चार प्रश्नांना तपशील पुरतात. पाचव्यासाठी थोडी लाज आणि बरीच चिकाटी लागते.

२४/२४
माहितीपट जरूर पाहा. संगीतही ऐका, त्यात दोष नाही. टी-शर्ट आवडला तर घाला. कोणी विचारले, ‘हे कसले चित्र?’ तर बँडच्या नावाने आरंभ करू नका. सांगा की, ६ डिसेंबर १९६९ रोजी ऑल्टमाँट येथे मेरेडिथ हंटर नावाचा १८ वर्षांचा मुलगा एका मैफलीत मारला गेला, आणि हे चित्र त्या मैफलीवरील माहितीपटाचे आहे. विचारणारा मग पुढचे प्रश्न स्वतःच विचारील : तो कोण होता, कोणी मारले, कोणी थांबविले का नाही. याच धाग्याखाली ऑल्टमाँटविषयी कोणी लिहिणार असेल, तर त्यालाही माझी एवढीच विनंती आहे : पहिल्या ओळीत हे नाव असू द्या. कापड छापणाऱ्यांनी गाळलेले नाव इतिहास वाचणाऱ्यांनी तरी गाळू नये.